राजाशेजारची राणी

माणूस गुन्हा का करतो, हे मधुवंती मैलापूरच्या एका कॉलेजात शिकवायची. कवट्या मोजणाऱ्या जुन्या डॉक्टरांपासून सुरुवात. कान मोठे, जबडा पुढे, म्हणजे जन्मजात गुन्हेगार. मुलं खिदळत एकमेकांचे कान ओढून बघायची. मग गरिबी, मग वस्ती, मग संगत. आणि शेवटी तिचा लाडका सिद्धांत: एखाद्याला चोर चोर म्हणत राहा, एक दिवस तोच म्हणेल, बरं बाबा, चोर तर चोर. एवढं सांगून झालं की फळा पुसायचा, बस पकडायची आणि वेस्ट मांबलमला येऊन चार वर्षांच्या रेवाची आई व्हायचं.

त्या नवरात्रात फळा तिच्या घरीच येऊन बसला.

दार उघडलं तर सासूबाई, कृष्णवेणी, सोफ्याच्या कडेवर ताठ बसलेल्या. तळहातावर लाल लाकडाची वीतभर राणी.

"ही कोठें मिळाली विचार. तुझ्या लेकीच्या दप्तरात! डब्याच्या मागे."

मधुवंतीने राणी लगेच ओळखली. समोरच्या फ्लॅटमधल्या श्रीलक्ष्मी मामींच्या गोलूतली. नवरात्रात घरोघरी पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात, त्यात ही राजाराणीची लाकडी जोडी सगळ्यांत मानाची. आईने लेकीला लग्नात दिलेली. एकदा मांडली की दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, आणि जोडी फोडायची तर नाहीच नाही.

"मी एकटीच जातें संध्याकाळी," कृष्णवेणी म्हणाल्या. त्यांची मराठी तंजावरची, शब्द जुने आणि चाल तमिळ. "गर्दीत हळूच ठेवून देतें. रेवा घरी राहूं दे. यंदा कोणाच्याच गोलूला नको."

"कशाला घरी? तिला काय ताप आलाय?"

"मधू, वरच्या मजल्यावरच्या चित्राची बांगडी हरवली तेव्हां अस्के जण, सगळेच्या सगळे, हिच्याकडेच बघत होते."

"बांगडी चित्राच्याच सोफ्यात सापडली, अम्मा."

"सापडली ग. पण बघितलं ते बघितलं." त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्या बापाचं रक्त आहे. मी वाईटपणाने नाही म्हणत. रक्त बोलतंच."

मिरजेला नळावरच्या भांडणात मधुवंतीच्या वडिलांनी शेजाऱ्याच्या पायावर काठी घातली होती. माणूस जन्माचा लंगडा झाला, वडील तुरुंगात गेले. गुन्हा होता, आणि ती कधी त्याला दुसरं काही म्हणाली नव्हती. पण त्यानंतर शाळेत कोणाची पट्टी हरवली तरी पहिलं दप्तर तिचं उघडलं जायचं. रेवाला आज घरात ठेवली, तर उद्यापासून या बिल्डिंगमध्ये रेवाचं उघडलं जाणार. हे तिला कुठल्या पुस्तकाने सांगायला नको होतं.

"बाबांनी काठी मारली होती, अम्मा. बाहुली नव्हती चोरली. रक्त बोलतं, तर निदान नीट तरी बोलावं त्याने."

"अय्यो, वाद घालतीस!"

"आणि बाबांचं चित्राला सांगितलं कोणी?"

कृष्णवेणी पदराचं टोक बघत बसल्या.

रेवा जेवणाच्या टेबलाखाली होती. मधुवंती गुडघे मोडून आत शिरली. लेकीच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि खडूचा वास.

"राणी का आणलीस, बाळा?"

"मला हवी होती."

एवढंच. गरिबी नाही, संगत नाही, कवटी नाही. हवी होती. मधुवंतीला एकदम हसू आलं आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. तिने त्या घामट कपाळाचा पापा घेतला.

"हवी असली तरी मामींची आहे. आणि तिचा राजा तिथे एकटा उभा आहे. तू नेऊन देणार. तुझ्या हाताने."

"तू दे ना."

"मी येते तुझ्याबरोबर. देणार तू."

श्रीलक्ष्मी मामींचा हॉल बायकांनी भरला होता. सुंडलचा, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचा, खमंग वास सुटला होता. रेवा जरीचा परकर सावरत आत आली, छातीशी राणी. माना वळल्या. तेवढ्यात मागून कृष्णवेणी धापा टाकत आल्या.

"काल सुंडलच्या पिशवीतून चुकून आली हो आमच्याकडे!"

नातीला वाचवायला फेकलेली थाप होती ती. मधुवंतीला कळलं, आणि सासूबाईंची मायाही कळली. पण थाप स्वीकारली, तर लाज खरी ठरत होती.

"चुकून नाही," ती तमिळमध्ये म्हणाली. तिचं तमिळ क्रियापदांपाशी अडखळायचं. आज अडखळलं नाही. "रेवाने घेतली होती. आता परत ठेवायला आलीय."

चित्रा शेजारणीकडे झुकली, पण आवाज सगळ्यांना जाईल इतपत. "एवढ्याशा वयात? आजोबांवर गेली वाटतं."

"चित्रा, तुझ्या मुलाने गेल्या वर्षी याच पायरीवरून हत्ती पळवला होता," मधुवंती म्हणाली. "तेव्हा तू म्हणालीस, खोडकर आहे, कृष्ण आहे नुसता. तो कृष्ण, आणि माझी चोर? माझे वडील तुरुंगात होते. कुजबुजू नकोस, मीच सांगते. मिरजेला असतात, नातीला फोनवर गाणी म्हणून दाखवतात. ज्याला माझ्या लेकीचं नाव बदलायचंय, त्याने माझ्याशी बोलावं."

रेवाने टाचा उंचावून राणी राजाशेजारी ठेवली. वाकडी ठेवली. मग स्वतःच हात लावून सरळ केली.

"मामी, मला हवी होती," ती म्हणाली.

श्रीलक्ष्मी मामी तिच्याकडे बघत राहिल्या. नाराज होत्या, आणि ते त्यांनी लपवलं नाही. "विचारायचं असतं, कण्णा." कृष्णाचं हे लाडाचं नाव तमिळमध्ये कुठल्याही लेकराला लावतात. "माझ्या आईची आहे ती." मग नेहमीच्या खणखणीत आवाजात, "बरं, आता गाणं. गाण्याशिवाय माझ्याकडे कोणालाच सुंडल नाही."

चित्राने भिंतीकडची जागा दाखवली. "इथे बस, रेवा. लांबून छान दिसतं."

"नको," मधुवंती म्हणाली, आणि लेकीला अगदी पायऱ्यांना लागून बसवली. हात सहज पोहोचेल इतकी जवळ. तिथून ती स्वतः मागे आली, कृष्णवेणींशेजारी भिंतीला टेकली, आणि रेवा गायला लागली तेव्हा तिच्या हातांकडे तिने एकदाही बघितलं नाही.