दहापैकी आठ

“हिला कोणीतरी सांगा गं, जरा हळू बोल म्हणावं. रोज सकाळी उठून हिचीच टकळी ऐकायची!”

सुधाने हिरवा डबा उचलून घंटागाडीच्या कडेवर टेकवला होता, तेवढ्यात तिच्या अगदी कानाशी कोणी पुटपुटलं. वरच्या मजल्यावर गेल्या महिन्यात आलेली भाडेकरीण होती. हातात पोराच्या डायपरची पिशवी, डोळ्यांत अर्धी झोप. ती सुधाशी बोलतच नव्हती. गाडीच्या टपावरच्या भोंग्याशी बोलत होती.

भोंगा आपल्या नादात होता. ‘नमस्कार! ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात. आपली गल्ली म्हणजे आपलंच अंगण!’ ‘अंगण’वर तो आवाज किंचित हसायचा. लिहून दिलेल्या मजकुरात ते हसू नव्हतं.

शेजारच्या बायडाबाईंनी भाडेकरणीला कोपराने ढोसलं.

“काय बोलती गं बये? हिची पोर हाय ती. तेजश्री.”

“अय्या, खरंच? मग छान आहे की आवाज.” भाडेकरीण ओशाळून हसली. “जिन्यात दिसते मला. पण बोलताना कधी ऐकलं नाही हो तिला.”

बायडाबाई एकदम डब्याच्या तळाला चिकटलेलं केळ्याचं साल खरवडायला लागल्या. सुधाने डबा उलटा करून दोनदा आपटला, “गॅसवर दूध आहे,” म्हणाली आणि आत आली. गॅसवर दूध नव्हतं.

एरवी तिला बाहेर यावंच लागत नसे. गाडीवरचा अमोल फाटकातला डबा स्वतःच रिकामा करून ठेवायचा. आज तो रजेवर होता. गाडी पवननगरच्या कोपऱ्यावर वळली, की सुधा मिक्सरच्या भांड्यात शेंगदाणे ओतून बटण दाबायची. गेलं सव्वा वर्ष त्यांच्या घरात कुटाला तोटा नव्हता. भेंडीत कूट, काकडीत कूट, एकदा तर चुकून उपम्यातही. त्याच वेळी तेजश्री आंघोळीला जायची आणि नळ पूर्ण सोडायची. दोघींनी हे कधी बोलून ठरवलं नव्हतं.

ती घोषणा तेजश्रीने कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना म्हटली होती, मास मीडियाच्या छोट्याशा स्टुडिओत. मानधन म्हणून एक पाण्याची बाटली मिळाली. पण पहिल्या दिवशी गाडी आली तेव्हा सिडकोतली ती अख्खी गल्ली कचरा नसतानाही बाहेर येऊन उभी होती. बायडाबाईंनी गाडीला हळदीकुंकू लावलं होतं. तेजश्रीला रेडिओवर निवेदिका व्हायचं होतं, आणि आता ते होणार, याबद्दल कचऱ्याच्या गाडीभोवती उभ्या असलेल्या कोणालाच शंका नव्हती.

मग गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. ती काढली, तपासायला पाठवली. गाठ साधी निघाली म्हणून पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर लक्षात आलं, की तेजश्री शुद्धीवर आल्यावर ‘आई’ म्हणाली होती, ते सुधाने नुसत्या ओठांवरून ओळखलं होतं.

आवाजाची नस दुखावली आहे, डॉक्टर म्हणाले. असं होतं कधी कधी. वर्षभर वाट बघू.

तेव्हापासून घर त्या नसेची वाट बघत होतं. फुग्यातून हवा जावी तसे तेजश्रीचे शब्द यायचे. पंखा चालू असला तर तेवढेही नाहीत. कळवणहून आत्या दर रविवारी फोन करायची आणि “येईल गं, येईल,” म्हणून ठेवायची. बायडाबाई ज्येष्ठमध आणून द्यायच्या. कॉलेजातली मुलंही ‘येईल’ म्हणायची. त्या एका शब्दावर सगळ्यांनी हात ठेवला होता, झाकण उडू नये म्हणून ठेवतात तसा.

आणि सुधाचा नवरा गोविंद गुण द्यायचा.

अंबडच्या एका कारखान्यात तो सव्वीस वर्षं पत्रे दाबणाऱ्या यंत्रांवर होता. त्याला कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कमी म्हणजे किती, हे कोणी मोजलं नव्हतं. रोज संध्याकाळी तो हॉलच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचा. मधल्या अकरा फरशा सोडून तेजश्री समोर. आधी एका दमात लांब ‘आ’, मग वर्तमानपत्राचं अर्धं पान. गोविंद हातातल्या घड्याळाकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा, आणि संपलं की उठून भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या खुणांच्या वर, पेन्सिलीने आकडा लिहायचा. दहापैकी. सुरुवातीला दोन होते. पावसाळ्यात चार झाले. दिवाळीला साडेपाच. काल आठ.

सुधा स्वयंपाकघरातून ऐकायची. तिला त्यातले आठ कुठे आहेत ते सापडायचं नाही. ‘त’, ‘प’, ‘क’ अशी नुसती टोकं तेवढी तिच्यापर्यंत पोचायची. मधलं सगळं वाटेत गळून जायचं. कधी कधी तिला नवऱ्याचा राग यायचा. खोटं बोलायचंच तर तोंडाने बोलावं, संपतं. हा लिहून ठेवत होता.

पण रागावण्याचा अधिकार तरी तिला कुठे होता? दोन महिन्यांपूर्वी तेजश्री बाहेर सँडलचा पट्टा लावत असताना डॉक्टरांनी सुधाला क्षणभर थांबवलं होतं. आता आहे तेच धरून चाला, म्हणाले. पुढे एक लहान ऑपरेशन करता येईल, बोलणं जरा मोठं होईल. पण तो आवाज नाही. तुम्ही आई आहात, हळूहळू सांगा तिला.

हळूहळू म्हणजे कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. सुधाने संक्रांत होऊ दिली. मग तेजश्रीची अंतर्गत परीक्षा होऊ दिली. मग आत्याच्या मुलाचं लग्न.

दुपारी एकला आशा मॅडमचा फोन आला. तेजश्रीच्या विभागाच्या त्या.

“सुधाताई, बोलू का दोन मिनिटं? तेजश्री शेजारी नाहीये ना?”

“कॉलेजलाच आहे की ती.”

“हो, तेच. मी बाहेर व्हरांड्यात येऊन बोलतेय.” मॅडम म्हणाल्या. “एका संस्थेचं छोटं रेडिओ केंद्र आहे, पेठ रस्त्याला. त्यांना ध्वनिसंपादनाला आणि लिहायला मुलगी हवी आहे. मी हिचं नाव दिलं. तिचा कान काय आहे ताई, तुम्हाला कल्पना नाही. दोन वाक्यांच्या मध्ये कोणी श्वास घेतला, तो कुठे कापायचा आणि कुठे ठेवायचा, हे तिला ऐकताक्षणी कळतं. परीक्षा झाली की लगेच रुजू. पण आज संध्याकाळी सातपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय, नाहीतर ते दुसरी घेतील.”

“मग?”

“नाही म्हणाली. आकाशवाणीची स्वरचाचणी आहे ना पुढच्या महिन्यात, तिचा अर्ज भरलाय म्हणे.”

सुधाने ओट्यावरची न सांडलेली साखर पुसली.

“वर्षाच्या सुरुवातीला मुलांकडून एक कागद भरून घेतला होता मी,” मॅडम म्हणाल्या. “पाच वर्षांनी मी कुठे असेन. बाकीच्यांनी मुंबई, दिल्ली, मोठमोठी चॅनलं लिहिली. हिने लिहिलं, ‘सकाळी सहाला अख्ख्या नाशिकला उठवणारी मी.’ तो कागद आहे माझ्याकडे. मी तिला कसं… तुम्ही बोलाल का?”

“बघते,” सुधा म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, ही बाई एवढी शिकलेली, माइकसमोर बोलायला शिकवते, आणि शेवटी माझ्याच गळ्यात घातलं हिने.

साडेतीनला पहिली पाळी संपवून गोविंद आला. पानावर बसला. सुधाने नेहमीसारखा आधी त्याच्या खांद्याला हात लावला, त्याने वर बघितल्यावर मोठ्याने सगळं सांगितलं. तो तिच्या तोंडाकडे बघत चावत राहिला.

“चांगलं आहे की मग. तेजू काय म्हणाली?”

“नाही म्हणाली. काल तुम्ही आठ दिलेत ना! आठ म्हणजे चाचणीत पास, असं धरून चाललीय ती. मग दुसरीकडे कशाला अडकू, म्हणत असेल.”

“माझ्या आठावर?”

“मग काय बायडाबाईंच्या? मी कुठे गुण देते?”

गोविंदचा भाकरीचा घास आमटीत तसाच भिजत राहिला. कूट जास्त झालेल्या आमटीत तो बोट फिरवत राहिला.

“सातपर्यंत आहे ना?” त्याने विचारलं.

“हो.”

“सहाला बसतोच आम्ही.”

आज नऊ देईल हा माणूस, सुधाने मनाशी म्हटलं. ताट उचलताना तिने मुद्दाम आवाज केला.

सहाला तेजश्री समोर बसली. पंखा बंद, खिडकी बंद. रोजच्यासारखी सुधा ओट्याशी उभी राहिली नाही. हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. असं समोरून तिने हे कधी बघितलं नव्हतं.

‘आ’ झाला. गोविंदने घड्याळाकडे बघून मान हलवली. मग तेजश्रीने वर्तमानपत्र उघडलं. शनिवारी सिडकोत पाणी नाही. लासलगावला कांद्याची आवक वाढली. कुठे थांबायचं ते तिला अजून बरोबर माहीत होतं. आकड्याच्या आधी ती भुवई किंचित उचलायची, बातमी संपताना स्वर खाली आणल्यासारखी हनुवटी खाली घ्यायची. सगळं जागच्या जागी होतं. बांगड्या नसलेला हात बांगड्या मागे सारतो, तसं होतं ते.

कांद्याच्या बातमीचा शेवट पानाच्या तळाशी होता. तिने पेपर वर धरला. तो तिच्या तोंडाआड आला, तसा गोविंद खुर्चीत एका बाजूला झुकला. मग दुसऱ्या बाजूला. गर्दीत पुढच्या माणसाचं डोकं चुकवून बघतात तसा.

सुधाचा हात पदरावर थांबला.

“किती?” पेपर खाली घेऊन तेजश्रीने विचारलं.

गोविंद उठला. कॅलेंडराला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल त्याने हातात घेतली आणि तारखेच्या चौकोनावर नुसतीच टेकवून ठेवली.

“बाबा, सांगा ना. कालच्यापेक्षा कमी?”

तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. तेजश्रीने पुन्हा विचारलं. तो तसाच. मग ती उठून अकरा फरशा ओलांडून त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला.

“शेवटची बातमी मला कळली नाही, तेजू,” तो म्हणाला. “तू पेपर वर धरलास.”

“म्हणजे?”

“तू बोलतेस ते दिसतं मला. ऐकू नाही येत.”

“आज?”

त्याने नाही म्हणून मान हलवली. “ऑपरेशन झालं तेव्हापासून. एकदाही नाही.”

बाहेर कोणीतरी गाडी लावत होतं, पुढेमागे, पुढेमागे. तेजश्री त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिने कॅलेंडराकडे बोट केलं.

“गळ्याची शीर बघायचो तुझी,” गोविंद म्हणाला. “आधी लय ताणायची. मग कमी कमी ताणायला लागली. म्हटलं, त्रास कमी होतोय म्हणजे येत असणार. तू विचारायचीस, मी लिहायचो. आकडा बघितला की तुझं तोंड…” त्याने हाताने काहीतरी दाखवलं, उजेड पडल्यासारखं. “तेवढं मला चांगलं दिसायचं.”

तेजश्रीने त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. ती ओरडेल असं सुधाला वाटलं, आणि पुढच्याच क्षणी आठवलं, की ती ओरडू शकत नाही. पेन्सिल हातात धरून ती तशीच वळली. खोलीत तिच्याशिवाय चांगले कान असलेलं आता एकच माणूस उरलं होतं.

“आई. तू तर रोज ऐकतेस.”

टेबलावर तिचा फोन थरथरला. आशा मॅडमचं नाव उजळलं, विझलं. सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

“तू सांग,” तेजश्री म्हणाली.

सुधाच्या ओठांनी सवयीने ‘येईल’चा आकार घेतला. गोविंद तिच्या ओठांकडेच बघत होता. तिने ते मिटले, हातातला पदर सोडला, दोन पावलं पुढे आली आणि त्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

“तो आवाज आता येणार नाही, तेजू.”