उरलेल्या पाचजणी

शिडी साबणाच्या कारखान्यात गेली, ही बातमी बिस्किटाच्या कारखान्यात सगळ्यांना कळली आणि सगळ्यात शेवटी वहिनीला. आता याहून मोठा अपमान कोणता? शिडी म्हणजे तिची सख्खी नणंद. एकाच घरात राहायच्या, सकाळी एकाच बाथरूमवरून भांडायच्या, एकाच बसने कामाला यायच्या. आणि हिला कळलं कुणाकडून, तर गेटवरच्या वॉचमनकडून. "वहिनी, आता तुमच्या टीमचं कसं व्हायचं हो?" असं त्याने इतकं हळहळून विचारलं, की घरात कुणी वारलंय की काय असं वाटावं.

कारखान्यात तिला सगळेच वहिनी म्हणायचे. शिडी म्हणायची म्हणून आधी टीममधल्या म्हणायला लागल्या, मग अख्खा पॅकिंग विभाग आणि शेवटी तिच्या वडिलांच्या वयाचा वॉचमनसुद्धा. ती पॅकिंगची सुपरवायझर होती आणि कारखान्याच्या बायकांच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन. शिडीला बॉल धरायलाही तिनेच शिकवलं होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा ही ताडमाड वाढलेली पोरगी खांदे पाडून, लाजत, भिंतीच्या कडेकडेने चालायची. "ताठ उभी राहा आधी," वहिनीने तिला दटावलं होतं. "उंची मिळालीय तर वापर तिला." पोरीने वापरली. गेली चार वर्षं कारखान्यांच्या स्पर्धेचा कप बिस्किटवाल्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

त्या संध्याकाळी वहिनी घरी पोचली तेव्हा शिडी ओट्याशी कांदा चिरत होती.

"मला सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"तोंड होतं, धीर नव्हता," शिडी म्हणाली. डोळे लाल झाले होते, ते कांद्याने की आणखी कशाने, कोण जाणे. "वहिनी, त्यांनी मला कायम केलंय. आपल्याकडे चार वर्षं मी हंगामीच. साहेबांना मी कप आणून दिले, साहेबांनी मला काय दिलं? त्यांच्यासोबतचा फोटो. तो फोटो घेऊन मी काय करू, सांग ना."

बोलणं खरं होतं, आणि समोरचं माणूस खरं बोललं की वहिनीचा राग दुप्पट व्हायचा. ती तणतणत बाहेर आली. तिच्या नवऱ्याने पेपर आणखी वर धरला. बायको आणि बहीण यांच्यामध्ये पडायचं नाही, एवढं एक शहाणपण त्याने आयुष्यात कमावलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण कप हातात असला की टीम आपली आणि नसला की टीम बायकांची, असा त्यांचा हिशेब.

"बसा, वहिनी. वाईट झालं हो. पण आता ती नाही म्हटल्यावर टीम कसली? तुमचा सरावाचा मागचा हॉल रिकामा करून घेऊ म्हणतो. रिकामी खोकी ठेवायला जागाच उरली नाहीये."

"टीम आहे की, साहेब. पाचजणी आहोत."

"पाचजणी आहात हो," साहेब हसले, "पण खेळणारी गेली ना."

तोंडात मारल्यासारखं झालं तिला. ती बसलीच नव्हती, उभीच होती, आणि उभ्या उभ्या तिच्या तोंडून निघून गेलं, "स्पर्धेत साबणवाल्यांशी मॅच आहे पुढच्या महिन्यात. ती बघा आणि मग काय ते ठरवा."

"जिंकलात तर हॉल तुमचा," साहेब म्हणाले. इतक्या सहज म्हणाले, की त्यांना निकाल आधीच माहीत असणार.

तिने हे टीमला सांगितलं तेव्हा काकूने कपाळावर हात मारला. काकू भट्टी विभागातली, टीममध्ये सगळ्यात मोठी, गुडघ्यांना पट्ट्या बांधून खेळणारी. "अगं बाई, साबणवाल्यांशी? शिडीच्याच टीमशी? पैज लावायला दुसरं कुणी सापडलं नाही तुला?"

"नाही सापडलं. चला, उठा."

उठल्या खऱ्या, पण सराव सुरू झाला आणि सगळं उघडं पडलं. वहिनी बॉल घेऊन पुढे जायची, मान वर न करता रिंगखाली पास द्यायची, आणि बॉल भिंतीवर आपटून परत यायचा. तिथे कुणी नव्हतंच! काकूने तेच केलं. चष्म्याने तेच केलं. चष्मा म्हणजे तपासणी विभागातली, बिस्किटाचा तुटका कोपरा लांबून हेरणारी, पण रिकामी जागा तिलाही दिसेना. लेबलच्या मशीनवरच्या दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. थोरलीने तेच केलं. धाकटीने नाही केलं, कारण तिला कधी खेळवलंच नव्हतं. ती इतकी वर्षं बाकावर बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची.

"काकू, तू शेवटची बास्केट कधी टाकलीस?"

काकूने बराच वेळ आठवून पाहिलं. "मी कशाला टाकू? ती होती की."

"चष्मा, तू?"

चष्म्याने खांदे उडवले.

वहिनीला शिडीचा राग आला, साहेबांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. "म्हणजे चार वर्षं आपण खेळत नव्हतो," ती ओरडली, "हमाली करत होतो! इथून उचला, तिकडे द्या! बास झालं. आजपासून ज्या जागी बॉल हातात येईल तिथून रिंगकडे टाकायचा. छताला लागला तरी चालेल."

पहिल्या आठवड्यात तो बरेचदा छतालाच लागला. एक ट्यूबलाइट गेली. चष्म्याने खोक्यांचं रबर लावून चष्मा डोक्याला आवळला. काकू प्रत्येक बॉल टाकताना "घे मेल्या!" म्हणायची, तो आत जावो न जावो. धाकटीचा नेम काही खास नव्हता, पण ती टाकायला घाबरायची नाही, आणि चुकला तर लगेच पुन्हा मागायची. इतकी वर्षं बाकावर काढल्यावर माणसाला चुकायचीही हौस येते.

घरी मात्र अबोला. जेवताना एका बाजूला बिस्किटांचा वास, दुसऱ्या बाजूला साबणाचा, आणि मधे नवरा, मान खाली घालून. एके रात्री शिडीनेच तोंड उघडलं.

"वहिनी, एक सांगून ठेवते. मॅचमध्ये तुला अडवायला कुणी येणार नाही. तू पास देतेस, टाकत नाहीस, हे मी आमच्या कोचला सांगितलंय."

नवऱ्याला ठसका लागला.

"तू सांगितलंस?"

"मग? पगार त्यांचा घेते मी."

वहिनीचा हात ताटातच थांबला. हे जिव्हारी लागलं, अगदी आतपर्यंत लागलं. पण खरं सांगायचं तर त्या रागाच्या तळाशी तिला थोडं बरंही वाटलं. खांदे पाडून चालणारी ती पोरगी समोरासमोर असं बोलायला लागली होती. ते बरं वाटणं तिने कुणाला दाखवलं नाही. "भात वाढ," एवढंच म्हणाली.

मॅचच्या दिवशी साबणवाल्यांचा हॉल खच्चून भरला. साहेब पहिल्या रांगेत. शिट्टी वाजली, वहिनीने बॉल घेतला, दोघींना चुकवून पुढे गेली, आणि मान वर न करता रिंगखाली असा काही पास दिला की बघत राहावं. थेट शिडीच्या हातात.

शिडी तिथेच होती. नेहमीच्याच जागी, आपली रिंग राखायला, साबणवाल्यांच्या निळ्या जर्सीमध्ये. क्षणभर तिलाही कळेना काय करावं. मग तिने बॉल पुढे फेकला, तिच्या टीमने बास्केट केली आणि अख्खा हॉल फिदीफिदी हसला. साहेबही हसले. वहिनीच्या कानांतून वाफा निघाल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, नाही घेत तेच बरं, अजून पूर्ण मॅच बाकी आहे.

"हसून घ्या," ती स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्याने ओरडली, "आत कुणी पास द्यायचा नाही! जिथे उभ्या आहात तिथून टाका!"

आणि टाकायला लागल्या की हो! चष्म्याचे दोन चुकले, तिसरा गेला. धाकटीचे चुकले, चुकले आणि मग लागोपाठ गेले. साबणवाल्या पुढेच होत्या, शिडी वरून आरामात बॉल सोडत होती, तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. पण अंतर वाढेना. आणि वहिनीसमोर, सांगितल्याप्रमाणे, कुणीही नव्हतं. ती मोकळी उभी होती, सगळे तिच्या पासची वाट बघत होते. तिने बॉल रिंगकडे टाकला. गेला. पुन्हा टाकला. तोही गेला. साबणवाल्यांचा कोच उभा राहून शिडीवर खेकसला, "तू तर म्हणाली होतीस ती टाकत नाही!"

"आधी टाकत नव्हती!" शिडी तिथूनच ओरडली, आणि नाइलाजाने रिंग सोडून वहिनीला अडवायला बाहेर आली.

आत रान मोकळं झालं. काकूला आयुष्यात एवढी मोकळी जागा कुणी दिली नव्हती. ती पट्ट्या बांधलेले गुडघे घेऊन दणदणत आत घुसली, बॉल घेतला, "घे मेल्या!" म्हणाली आणि टाकला. गेला! काकू स्वतःच दचकली. मग दोन्ही हात वर करून अशी काही नाचली, की रेफरीला तिला दोनदा मागे फिरायला सांगावं लागलं.

शेवटच्या मिनिटाला साबणवाल्या एका गुणाने पुढे होत्या आणि बॉल वहिनीकडे होता. शिडी समोर, हात पसरून. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. घरातही महिनाभरात त्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या नव्हत्या. वहिनी डावीकडे झुकली, शिडी झुकली नाही. ती शिकवलेलं विसरली नव्हती. उजव्या अंगाला धाकटी मोकळी होती, हात पुढे करून मागत होती. वहिनीने दिला. धाकटीने जराही वेळ न घालवता टाकला. बॉल रिंगवर फिरला, पुन्हा फिरला आणि बाहेर पडला. शिट्टी वाजली.

हरल्या. एका गुणाने का होईना, हरल्याच.

धाकटीला रडू फुटलं, तेव्हा काकूने तिच्या पाठीत धपाटा घातला. "रडतेस काय? चार वर्षांत आज पहिल्यांदा दमलेय मी. मजा आली का नाही?" धाकटी रडता रडता हसली. वहिनीचा ऊर भरून आला होता. कप हातात घेतानाही तिला कधी असं झालं नव्हतं.

साहेब खाली आले. "छान खेळलात. खरंच. पण ठरलं ते ठरलं. सोमवारी खोकी येतील."

"येऊ द्यात," वहिनी म्हणाली.

सोमवारी खोकी आली. हमालांनी ती हॉलभर कशीही टाकली, काही उभी, काही आडवी. शिफ्ट सुटल्यावर पाचजणी दारात येऊन उभ्या राहिल्या. तो पसारा बघून चष्मा म्हणाली, "संपलं का गं आपलं?"

"खोकी रिकामी आहेत," वहिनी पदर खोचत म्हणाली, "आणि आपल्याला रिंग एकच लागते. लावा हात."

त्यांनी एका बाजूने उचलायला सुरुवात केली. मागच्या भिंतीपासून खोक्यांवर खोकी चढायला लागली. काकूच्या डोक्याच्या वर थर गेला तशी कुणाचा हात पुरेना. तेवढ्यात मागून साबणाचा वास आला. शिडी कामावरून थेट आली होती, पिशवीसुद्धा खांद्यावरच. काही न बोलता तिने काकूच्या हातातलं खोकं घेतलं आणि सगळ्यात वर ठेवून दिलं.

"वहिनी, मी पण..."

"वरचे थर तू लाव," वहिनी म्हणाली. "पण खेळायला उभं राहायचं नाही. साबणवाली आहेस तू. पुढच्या वर्षी तुलाच हरवायचंय आम्हाला."

"बघू की," शिडी म्हणाली आणि पुढचं खोकं उचललं. घरात महिनाभर जे जमलं नव्हतं ते तिथे झालं, दोघीही हसल्या.

अर्धा हॉल खोक्यांनी छतापर्यंत भरला आणि अर्धा मोकळा झाला. वहिनीने बॉल आपटला. तो आवाज ऐकून साहेब ऑफिसमधून धावत आले आणि दारातच थबकले.

"हे काय चाललंय? हॉल गोदामाला दिलाय ना मी? हरलात ना तुम्ही?"

"हरलो," वहिनी म्हणाली. "साहेब, तुमचं एकही खोकं बाहेर ठेवलेलं नाही, मोजून घ्या. उद्या आणखी पाठवलीत तर तीही रचू. परवा पाठवलीत तर तीही. आम्ही पाचजणी आहोत आणि पाचही खेळतो. पुढच्या वर्षी मॅच बघायला या."

साहेबांनी खोक्यांच्या थरांकडे पाहिलं, मग रिंगकडे पाहिलं. तिकडे धाकटी बॉल घेऊन त्यांच्याच दिशेने सुसाट निघाली होती.

"आणि साहेब, दारातून बाजूला व्हा," वहिनी म्हणाली. "बॉल लागेल."

साहेब बाजूला झाले.