थोडं थांबा

डॉक्टरीणबाईंसमोर बसलेल्या शिंपीकाकांना छाती उघडून घ्यायची नव्हती. "ते इंजेक्शनच द्या," काका अडून बसले. "त्याने म्हणे हृदयाला नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मग बायपास कशाला?"

फुटत होत्या, पण अजून बाईंच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांनाच. हाडातल्या पेशी काढायच्या, त्यांच्यात रक्तवाहिन्या फुटवणारं जनुक घालायचं आणि त्या दुखावलेल्या हृदयात टोचायच्या. पहिल्या उंदराला हे लागू पडलं, त्या दिवशी बाई अशा हुरळल्या की जेवताना वडिलांना म्हणाल्या, "बाबा, बायपासची कसली घाई? थोडं थांबा, मीच तुम्हाला नव्या वाहिन्या देते!"

बोलून त्या विसरल्या. बाबा विसरले नाहीत. सर्जनने तारीख दिली की काहीतरी निमित्त काढून टाळायचे आणि गल्लीभर सांगत फिरायचे, "माझी पोरगी औषध काढतेय." जिना चढताना मात्र छाती दाबून धरायचे. हे सगळं बाईंना आईकडून कळलं, तेही नंतर. प्रयोगशाळेतून घरी यायला त्यांना सवड होती कुठे! एका सकाळी बाबा जिन्यातच बसले, ते उठलेच नाहीत.

उंदीर तेवढे ठणठणीत होते.

"खरं सांगा," शिंपीकाका पुढे झुकले. "मी तुमचा बाप असतो, तर काय सांगितलं असतं?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"थांबा म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "म्हणून सांगते काका, तुम्ही थांबू नका."