सगळं बंद असताना उघडलेलं पान

मित्रांनो, फळीवर धूळ खात बसलेला हा काळा डबा म्हणजे मी, एक जुना राउटर. कारखान्यातून निघालो तो इराणमधल्या रश्त शहरात, मनीजे खानुमच्या, म्हणजे मनीजेबाईंच्या, नेट कॅफेत आलो. परीक्षेचे अर्ज, लग्नाचे फोटो, परदेशी गेलेल्या मुलांचे आवाज, सारं माझ्यातून जाई. खानुम मला रोज फडक्याने पुसायची आणि म्हणायची, "बिचारा कधी कुरकुरत नाही."

पुढे शहरात निदर्शनं झाली आणि सरकारने बाहेरच्या जगाकडे जाणारी इंटरनेटची वाटच बंद केली. हॅम्बुर्गला असलेल्या लेकीचा आवाज खानुमला ऐकू येईना. मला पुसायचंही ती विसरली.

अशाच एका दुपारी टॅक्सीवाला बेहरंग येऊन बसला आणि जरा वेळाने ओरडला, "उघडलं! खानुम, उघडलं!"

पडद्यावर फुटबॉलच्या पैजांचं पान झळकत होतं. आमच्या देशात पैज लावणं हा गुन्हा. खानुम धावत आली आणि थबकली.

"माझी लेक दिसत नाही, आणि हा जुगार बरा उघडला?"

"नशीब म्हणतात याला!"

"कसलं नशीब? कुणीतरी मुद्दाम उघडं ठेवलंय हे. काय विचारतायत?"

"ओळखपत्राचा नंबर, बँकेचं कार्ड. नेहमीचंच."

खानुमने सरळ माझी वायर उपटली. माझे दिवे विझले, पण कान शाबूत होते.

बेहरंग भडकला. "तुम्ही काय पोलिसांच्या आहात?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होते," ती हळूच म्हणाली.

तो दार आपटून गेला.

काही दिवसांनी साध्या कपड्यांतले दोघे पोलीस आले. "इथे पैजा कोण लावतं?"

"इथे साधी पाककृती उघडत नाही साहेब, पैजा कुठल्या?"

कॅफेतले दोन्ही संगणक ते उचलून घेऊन गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. शेजारच्या न्हाव्याने मात्र फोनवरून त्याच पानावर आपल्या ओळखपत्राचा नंबर भरला होता. त्याला ते गाडीत घालून घेऊन गेले. तो अजून परतलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बेहरंग गरम रोटी घेऊन आला. "वायर उपटलीत म्हणून वाचलो, खानुम."

"माझ्या दुकानाचा पत्ता त्यांना कुणी दिला?"

"मी नाही. आईच्या जिवाची शपथ!"

खानुमचा हात रोटीकडे जाईना. बेहरंगच्या ते लक्षात आलं. त्याने एक तुकडा तोडला आणि तिच्यासमोर आधी स्वतः खाल्ला. मग तिने दुसरीकडून तोडला. खाताना तिची नजर त्याच्यावरच होती.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. पण त्या पानामागे कोण बसलं होतं, हे मलाही कधी कळलं नाही, आणि ते तर माझ्यातूनच आलं होतं. म्हणून तुमचा नंबर लिहिण्याआधी जरा हात आवरा. नाहीच राहवलं, तर माझी वायर उपटा. मला राग येणार नाही.