उभ्या गाडीतला कॅमेरा

आमच्या कंपनीच्या गाड्यांत आतल्या बाजूला कॅमेरे आहेत. उभी गाडी हलली की कॅमेरा आपोआप सुरू होतो, म्हणे चोर पकडायला. रोज सकाळी ते व्हिडिओ बघायचं काम माझं. चोर आजवर एकही सापडला नाही. सापडतात ते झोपेत कूस बदलणारे ड्रायव्हर. मालक त्यातले निवडक व्हिडिओ सोमवारच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवतात. त्याने शिस्त लागते म्हणे. डोंबल!

त्या सोमवारी मास्तरांच्या गाडीचा व्हिडिओ उघडला. मास्तर आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर. नव्यांना शिकवतात म्हणून मास्तर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. गाडी एका गोदामामागे उभी, आत मास्तर एकटेच, आणि काय चाललंय ते मला लगेच कळलं. मी घाईघाईने व्हिडिओ बंद केला. आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचाच. हे बघणारी मी कोण?

मास्तरांना बोलावलं. माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा, पण इथे लाजून चालणार नव्हतं.

"मास्तर, गाडी उभी असली तरी आतला कॅमेरा चालतो."

"छे! इंजिन बंद की तोही बंद. मी पोरांना तसंच शिकवलंय." आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, आज बैठक आहे..."

"ते मी बघते. पण ऐका. काचा वर केल्या म्हणून गाडीचं घर होत नाही. रस्त्यावरून कोणी पाहिलं आणि तक्रार केली, तर पोलीस येतील, खटला होईल, नोकरी जाईल. कोणी मोबाइलवर टिपलं तर विचारूच नका."



मी मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि एक व्हिडिओ पुसायची परवानगी मागितली.

"कोणाचा? आधी दाखव."

"नाही दाखवणार. चोरी नाही, अपघात नाही, एका माणसाची खाजगी गोष्ट आहे. सगळ्यांसमोर लावली तर उलट आपणच कायद्यात अडकू."

"गाडी माझी, कॅमेरा माझा!"

"माणूस तुमचा नाही."

नोकरीवर पाणी सोडलंच आहे, तर होऊन जाऊ दे, असं मनाशी म्हटलं. "तुमच्या गाडीतही तोच कॅमेरा आहे, साहेब. वडील गेले त्या आठवड्यात तुम्ही स्टीअरिंगवर डोकं टेकून रडत होतात. मी आजवर कोणाजवळ बोलले नाही."

मालक खिडकीकडे वळले. मग त्यांनी फोन उचलला आणि गाड्या उभ्या असताना आतले कॅमेरे बंद ठेवायला सांगितलं.

"पूस तो," मला म्हणाले. "माझाही पूस."

सगळं मिटलं असं सांगितल्यावर मास्तर खुर्ची ओढून बसले.

"घर दोन खोल्यांचं. एकीत मुलगा-सून, दुसरीत मी आणि नातू. म्हाताऱ्याने स्वतःसाठी खोली कशी मागायची, ताई? लाज वाटली, आणि जाऊन बसलो कुठे, तर काचेत!"

"मग आता मागा."

त्यांनी तिथेच मुलाला फोन लावला. मास्तरांचा फोन नेहमी स्पीकरवर.

"अरे, गॅलरी बंद करून मला एक खोली करून दे. दाराला आतून कडी हवी."



"बाबा," मुलगा म्हणाला, "आम्ही दोघं वर्षभर हेच बोलतोय. तुम्हाला कसं सांगायचं, तेच कळत नव्हतं."