मेट्रनबाईंचे पाय

पाय मोडल्यापासून मेट्रनबाईंचा जीव कशातच लागत नव्हता. उशी घटकेत उंच वाटे, घटकेत सपाट. खिडकी उघडली की गोंगाट, लावली की कोंडल्यासारखं. सगळं आयुष्य दवाखान्यात काढलेली बाई. निवृत्त झाल्यावरही गल्लीत कुणी आजारी पडलं की पदर खोचून हजर. चर्चमधल्या बायका म्हणत, नम्रता शिकावी ती मेट्रनबाईंकडून. बाई मान खाली घालत, पण कान टवकारलेले असत.

आता मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. मुलगा कामासाठी परगावी, घरात एकटी सून. ती बाहेरच्या खोलीत लोकांचे कपडे शिवत बसे. अंग पुसायला आली की बाई म्हणत, "ठेव तिथं. माझं मी बघते."

त्या सकाळी खरंच स्वतःचं स्वतः बघायला गेल्या आणि पाण्याचं पातेलंच उलटलं. साबण कपाटाखाली, बाई अर्ध्या पलंगावर आणि अर्ध्या अधांतरी. शिलाई मशीनची घरघर थांबली. सुनेने धावत येऊन त्यांना काखेत हात घालून वर ओढलं.

"झालं समाधान? दुसराही मोडून घ्यायचाय का?"

"तुला त्रास नको म्हणून गं..."

"आणि हा काय आराम आहे, आई?" तिने फरशीवर फडकं टाकलं, नवं पाणी आणलं आणि खाली बसली. "पाय द्या."

"नको. तू माझे पाय धुवायचे, छे!"

"मी काही मोठ्या मनाने करत नाहीये. मला राग आलाय, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलंय. तरी द्या."

स्वतःचंच 'नको' ऐकून बाई चपापल्या. प्रभू कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुवायला वाकला तेव्हा एक शिष्य असाच अडून बसला होता, आणि प्रभूने त्याला सुनावलं होतं की धुवू दिले नाहीस तर तुझा-माझा संबंध संपला. महिला मंडळात ही गोष्ट त्यांनी कितीदा सांगितली होती! पण सांगताना मनातून त्या नेहमी कमरेला टॉवेल बांधलेल्याच्या जागी उभ्या असत. थेट प्रभूच्या जागी.

त्यांनी पाय पुढे केला. सून बोटांच्या बेचक्यांतून जोरजोरात फडकं फिरवत होती. बाईंना लाज वाटत होती, गुदगुल्या होत होत्या, रडूही येत होतं.

"दुखतंय का?"

"नाही. चालू दे."

सून गेल्यावर त्यांनी डोळे मिटले. रोजची प्रार्थना त्यांना तोंडपाठ होती. आज तिचा एकही शब्द जागेवर बसेना. "प्रभू, मला उठता येत नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढचं काही सुचतंय का याची वाट बघत राहिल्या. सुचलं नाही. पाठीखाली चादर चुरगळली होती, ती टोचत होती. बराच वेळ चुळबुळ करून शेवटी त्यांनी हाक मारली, "अगं, गिऱ्हाईक गेलं की जरा येशील का?"