फिक्रीकाकांचा समुद्र

मला एक खोड आहे. दुसऱ्याचा कॉम्प्युटर आहे तसा मला बघवत नाही. अलेक्झांड्रियाच्या बंदरावरच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या स्क्रीन मी सजवून दिल्यात, त्याही न विचारता. साहेबांच्या स्क्रीनवर बाणाऐवजी मासा फिरतो. तेव्हापासून साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

म्हणूनच रगदाने मला शपथ घातली होती, बाबांच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तिचे बाबा म्हणजे फिक्रीकाका, ट्राममधले निवृत्त इन्स्पेक्टर. चॉकलेटचे डबे घेऊन मी तीनदा त्यांच्या घरी जाऊन आलो होतो. तिन्ही वेळा त्यांनी चहा पाजला आणि "बघू" म्हणाले. या चौथ्या खेपेला ते हो म्हणाले, तर शुक्रवारी दोन्ही घरची माणसं बसून फातिहा वाचणार आणि सोयरीक पक्की होणार. नाही म्हणाले, तर माझ्याआधी सांगून आलेल्या तिघांसारखा मीही जिना उतरणार.

मी पोचलो तेव्हा काका दुपारच्या नमाजाला गेले होते. रगदा स्वयंपाकघरात बस्बूसाच्या, म्हणजे रव्याच्या गोड वड्या कापत होती. आमच्यावर राखणीला बसवलेली आत्या सोफ्यावर घोरत होती. आणि समोर काकांचा कॉम्प्युटर चालू होता. स्क्रीनवर समुद्रकिनाऱ्याचा जुनाट, विटका फोटो आणि त्यावर वाटेल तिथे विखुरलेल्या फाइली.

माझे हात शिवशिवले. म्हटलं, असं काही सजवून द्यावं की काका दारातच मिठी मारतील.

मी एक झकास थीम उतरवून घेतली. काळं आकाश, बर्फाचे डोंगर, काचेसारखी बटणं. पण त्या थीमने स्क्रीनवरच्या अरबीची पार वाट लावली. शब्दांतलं प्रत्येक अक्षर सुटं आणि तेही उलट्या क्रमाने. मग मी सरळ भाषाच इंग्रजी केली. अरबी उजवीकडून सुरू होते, त्यामुळे भाषा बदलली की स्क्रीनवरचं उजवीकडचं सगळं डावीकडे जातं, हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण डोंगर इतके सुंदर दिसत होते की मी तिकडे लक्षच दिलं नाही.

काका आले, खुर्चीत बसले, चष्मा लावला.

"माझा समुद्र कुठे गेला?"

"काका, आता डोंगर आहेत. बर्फाचे."

"अलेक्झांड्रियात?"

आत्या दचकून उठली. "काय गेलं? चोर शिरला की काय?"

"चोर नाही, जावई," काका म्हणाले. "म्हणजे होणारा होता."

ट्रे घेऊन आलेल्या रगदाने स्क्रीन पाहिली आणि ट्रे तसाच धरून माझ्या कानाशी पुटपुटली, "शपथ घातली होती ना मी? अरे, मामूराच्या किनाऱ्यावरचा फोटो आहे तो. आई फोटो काढायला उठली, म्हणून तिची खुर्ची रिकामी दिसते. ती गेल्यापासून बाबा त्या फोटोवरच फाइली मांडतात. औषधांची थर्मासवर, पेन्शनची हॅटवर, विजेची सूर्यावर. नावं वाचतच नाहीत ते, जागा बघतात."

मला स्वतःची लाज वाटली. घाईघाईने मी थीम काढून फोटो परत लावला. भाषा मात्र इंग्रजीच राहिली आणि त्यामुळे फाइली चुकीच्या बाजूला. किनाऱ्याच्या उजव्या टोकाला कचऱ्याचा खराखुरा पिंप होता. कॉम्प्युटरची कचऱ्याची टोपली काकांनी बरोबर त्याच्यावर ठेवलेली असे. ती आता डाव्या टोकाला उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या रगदाच्या डोक्यावर होती. टोपलीला चिकटून असलेली एक फाइल तिच्या खांद्यावर बसली होती. तिचं नाव 'चौथा'.

"हा चौथा कोण?" मी विचारलं.

"तू," आत्या म्हणाली. "पहिले तिघं टोपलीत आहेत."

"माझ्या पोरीच्या डोक्यावर कचरा!" काका कडाडले. "आणि हा विचारल्याशिवाय थेट खांद्यावर!"

रगदाला हसू आवरेना. मी अरबी परत आणली. औषधं थर्मासवर गेली, वीज सूर्यावर गेली आणि मी पिंपाशेजारी येऊन थांबलो.

काकांनी माझ्या हातातून माउस काढून घेतला. माझी फाइल उचलली आणि टोपलीच्या तोंडाशी नेली. तिथे बराच वेळ धरून ठेवली. मग काय मनात आलं कोण जाणे, वाळूवरून हळूहळू डावीकडे सरकवत त्यांनी ती रिकाम्या खुर्चीपर्यंत आणली.

"काका, तिथे नको," माझ्या तोंडून निघून गेलं. "ती काकूंची जागा आहे."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी फाइल आणखी थोडी सरकवली आणि खुर्ची आणि रगदा यांच्या मधोमध, छत्रीखाली सोडली.

"इथे ऊन लागायचं नाही. पण परत कशाला हात लावलास तर पिंप काही फार लांब नाही," ते म्हणाले. "शुक्रवारी वडलांना घेऊन ये."

मग एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी 'चौथा' खोडलं आणि तिथे माझं नाव लिहिलं, 'शाकिर'.